टिटवीनं गच्ची धरली

मोबाइल चुकेल, पंचांग चुकेल, टीव्हीवर कोट घालून ढग दाखवणारी बाई तर हमखास चुकेल. पण टिटवी चुकणार नाही! हे मी केनवडच्या बाजारात, भर गर्दीत, सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता ठणकावून सांगितलं. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी उगाच डोशाची वाट पाहू नये.)

निमित्त झालं हेमसिंगचं. हेमसिंग म्हणजे माझा शेजारी. घरालाही शेजारी आणि बाजारातही शेजारी. माझी वांगी-सांभार, त्याची मिरची. गिऱ्हाईक नसलं की हा मोबाइलमध्ये डोकं घालून आभाळ शोधत बसतो.

"दौलतभाऊ, मोबाइल सांगून राह्यला, उद्या चाळीस टक्के पाऊस हाये."

"चाळीस टक्के म्हंजे काय रे? वावराच्या चाळीस टक्क्यात पाडते अन् बाकीचं कोरडं ठेवते काय?"

"तसं नाही भाऊ. म्हंजे पडला तं पडला, नाही पडला तं नाही पडला."

"मंग हे तं माह्या म्हशीलेही समजते! तिले काहून नाही इचारत?"

आजूबाजूचे हसले आणि मला चेव आला. मग मी आमच्या आबांची गोष्ट सांगितली. ती मी दर उन्हाळ्यात सांगतो. लोक दर उन्हाळ्यात ऐकतात, कारण तोवर त्यांचा माल विकून झालेला नसतो.

उन्हाळा उतरणीला लागला की माझे वडील, म्हणजे आबा, मला बोटाला धरून वावरात न्यायचे. "पाय पाहून टाक रे," म्हणायचे, कारण टिटवीची अंडी दिसता दिसत नाहीत. मातीचाच रंग, वर काळे ठिपके. ती सापडली की आबा चार हात लांब उकिडवे बसायचे आणि आधी हात जोडायचे. मग मला शिकवायचे. नाल्याच्या पात्रात अंडी घातली, तर पाऊस ताण देणार. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर घातली, तर बरा पडणार. जितकी उंच जागा, तितकं जास्त पाणी. आणि जितकी अंडी, तितके महिने पाऊस! घरी येऊन आबा आईला सांगायचे, "यंदा चार महिने हायेत वो. तुरीचं बी जास्त ठेव." आणि पाऊस यायचा की! त्या काळचा पाऊस जावयासारखा होता. ठरल्या दिवशी यायचा, मानानं राहायचा, निरोप घेऊन जायचा. आताचा पाऊस म्हणजे लग्नातला दारुडा मामा. कधी येईल आणि कुठं पडेल, देवालाही सांगता येत नाही.

आबा गेले. धुऱ्यावरच्या टिटव्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या. दर उन्हाळ्यात मी एकटाच धुरे तुडवून यायचो आणि रिकाम्या हातानं परतायचो. खोटं कशाला सांगू, मला त्या अंड्यांपेक्षा आबांचं ते उकिडवं बसणं जास्त आठवायचं.

आणि यंदा, बाजारातल्या त्या भाषणानंतर लगेचच, नवल घडलं.

पाण्याच्या टाकीतला गाळ काढायला मी गच्चीवर चढलो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर डोकं वर काढलं, तोच कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं. "टिटिव टिव! टिटिव टिव!" मी शिडीवरूनच खाली वाकलो. परत डोकं वर काढलं, परत तेच! तिसऱ्या वेळी मी खालून पातेलं मागवलं, डोक्यावर पालथं घातलं आणि वर गेलो.

टाकीच्या सावलीत बारीक गिट्टी पसरून पडली होती. गच्चीला कठडा बांधायचा म्हणून ती मी कधीकाळी आणली होती. आमचा कठडा दर वर्षी पुढच्या वर्षी बांधायचा असतो. तर त्या गिट्टीत, टोकं आत करून, चार अंडी! मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची!

मी पातेल्यासकट उकिडवा बसलो आणि हात जोडले. डोळ्यात पाणी आलं. आबा असते तर काय म्हणाले असते! नाला नाही, धुरा नाही, थेट सिमेंटच्या स्लॅबवर! इतक्या उंच अंडी घातलेली टिटवी आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नव्हती. म्हणजे पाऊस किती? आणि अंडी चार, म्हणजे महिने चार, पुरे!

मी खाली उतरलो आणि अंगणातूनच घोषणा केली, "आजपासून गच्ची बंद!"

ज्वारी पाखडत बसलेल्या पंचफुलानं सूप खाली ठेवलं. पंचफुला म्हणजे आमच्या घरचं हवामान खातं. तिचा अंदाज चुकत नाही, कारण वादळ तीच आणते.

"काहून बंद?"

मी सगळं सांगितलं. आबा, धुरा, उंची, महिने. ती शांतपणे ऐकत होती. हे चिन्ह वाईट असतं.

"अन् तनुजाच्या कुरड्या कुठी वाळवू? तुमच्या टकलावर?"

इथं मला थांबून तुम्हाला कुरड्यांचं सांगायला पाहिजे. तनुजा आमची एकुलती एक लेक. तिचं लग्न जमलं मेडशीला आणि ते तोंडावर आलं होतं. लग्नात मुलीच्या आईनं मांडायचं रुखवत म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पापड, शेवया, सांडगे, आणि सगळ्यांच्या मधोमध कुरड्यांची उतरंड! पंचफुलाच्या स्वतःच्या रुखवतातल्या कुरड्या तळल्यावर शेवंतीसारख्या फुलल्या होत्या. ते माझ्या आईनं मरेपर्यंत सांगितलं, आणि पंचफुलानं मरेपर्यंत ऐकलं असतं तरी तिचं मन भरलं नसतं. आता विहीणबाईंसमोर लेकीची उतरंड तशीच उभी करायची, एवढाच तिचा ध्यास होता.

पहिला घाणा तिनं रीतीप्रमाणे होळी झाल्यावर घातला होता. त्याच दिवशी दुपारी गारा पडल्या. कुरड्यांचा काला झाला आणि तो म्हशीनं खाल्ला. आता घरच्या बन्सी गव्हाचा शेवटचा डबा उरला होता. या डब्याच्या कुरड्या साधल्या तर साधल्या, नाहीतर रुखवतात मधोमध विकतचं पाकीट!

"हेमसिंगच्या घरावर वाळव ना," मी म्हणालो.

"त्याच्या घरावर टिनं हायेत. अन् स्वतःच्या घराले गच्ची असून लेकीचं रुखवत दुसऱ्याच्या घरावर वाळवू मी? टिटवीले सांगा, भाड्यानं दुसरी जागा पाह्य म्हना!"

"अवो, ती काही उगीच नाही बसली तिथं. ती भविष्य सांगून राह्यली!"

"भविष्य नाही न् काही नाही. तिले गिट्टी भेटली म्हनून बसली. तुमचा कठड्याचा आळस तिले फळला!"

शेवटी तनुजानं मध्यस्थी केली. "माय, पिलं निघेपर्यंत थांबू ना. बाबा पाह्य कसे लेकरावानी खुश हायेत." पंचफुला थांबली. पण थांबताना तिनं माझ्याकडं जे पाहिलं, त्यात सबंध वैशाखाचं ऊन होतं.

मग बातमी पसरली. ती मी पसरवली नाही. फक्त बाजारात, पाणवठ्यावर, एसटी थांब्यावर आणि दोन लग्नांत सहज बोललो. लोक येऊ लागले! आसेगावहून माझा साडू मुद्दाम एसटीनं आला. शिडी दाराशी, शिडीजवळ पातेलं. एकानं उतरायचं, पातेलं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं, मग त्यानं चढायचं. पातेल्याला इतके पोचे पडले की त्यात भात शिजवला तर तो एका बाजूनं करपायचा.

खाली ओट्यावर चर्चा. विषय एकच, पाऊस बिघडला कसा?

"टॉवर आले तवापासून," हेमसिंग म्हणाला. "चिमण्या गेल्या, मधमाश्या गेल्या. आता ढगाईलेही रेंज भेटत नाही. तिकडं वाशीमले जायचं तं इकडं येऊन पडते."

"टॉवर नाही, कूलर!" मी माझा सिद्धांत मांडला. "पयले सारे अंगणात बाजा टाकून निजत. थंडी सगळ्याईची होती. आता जो तो थंडी घरात ओढून घेते अन् दार लावते. मंग बाहेर काय राह्यलं? ऊनच राह्यलं ना!"

आमच्या गावचे मास्तर संघदीप सर हसले. हा मुलगा शाळेत पुस्तकासारखा बोलतो आणि ओट्यावर आमच्यासारखा, म्हणून मला आवडतो. "काका, तुमच्या बोलन्यात थोडंसं खरंही हाये. पण मोठी गोष्ट वेगळीच. धूर आपला, कारखान्याईचा, गाड्याईचा. त्यानं सारी हवाच तापली. पाऊस कमी झाला असं नाही, त्याची पडायची रीत बदलली. चार महिन्याचं पानी चार दिवसात देते अन् मंग तोंड दाखवत नाही. याले हवामान बदल म्हनते."

"मले तुमचा तो शब्द नाही समजत, सर," रुपाबाई म्हणाल्या. रुपाबाई गल्लीतल्या सगळ्यात वडील. त्यांच्या हाताखाली सगळ्या सुना कुरड्या शिकल्या. "मले येवढं समजते का पयले होळी झाली का कुरड्या, आखजी झाली का वखर, पोया झाला का सुटका. आता होळीले गारा, आखजीले ढग, अन् पोयाच्या दिवशी बैल उन्हानं धापा टाकते. कॅलेंडर कोनी उलटं टांगलं काय?" (आखजी म्हणजे अक्षय तृतीया, पोया म्हणजे पोळा.)

मग रुपाबाईच पुढं सांगू लागल्या. पूर्वी गावात सगळी मातीच्या धाब्याची घरं होती. कुरड्या धाब्यावर वाळायच्या. राखण करायला माझ्यासारखी पोरं बसायची. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा. कावळे आम्ही हाकलायचो आणि अर्धवट वाळलेल्या कुरड्या आम्हीच खायचो. म्हणजे कावळे परवडले असते! त्या दिवसांत कोणी आभाळाकडं बघायचंसुद्धा नाही. फाल्गुनात ऊन पडणार, यात बघायचं काय?

"दौलत तवा बी राखनीले बसे," रुपाबाई म्हणाल्या, "अन् निजून जाये. कावयानं त्याच्या पोटावरची कुरडी नेली होती."

सगळे हसले. मीही हसलो. पण आत पंचफुलाच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजत होती.

दिवस जाऊ लागले. टिटवी उठेना. लग्न जवळ आलं. शेवटी पंचफुलानं मला न विचारता डब्यातला गहू भिजत घातला. वाचकहो, कुरड्यांचा गहू एकदा भिजला की मागं वळता येत नाही. तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, पिळून त्याचा पांढराशुभ्र चीक काढायचा, आणि निवळला की शिजवायचाच. एक दिवस उशीर झाला तर आंबतो. तुम्ही वरात थांबवू शकता, चीक थांबवू शकत नाही!

"अंगनात घालतो मी कुरड्या," ती म्हणाली. "धूळ लागो, बकरी येवो. पन या टायमाले एक जरी वाया गेली, तं त्या टिटवीच्या बाजूले तुमाले बसवीन अंडे उबवाले!"

ठरल्या दिवशी सकाळीच चूल पेटली. चीक रटरटू लागला. अंगणात दोन बाजा एकमेकींना लावल्या आणि त्यांवर माझं लग्नातलं पांढरं धोतर अंथरलं. रुपाबाई देखरेखीला. तनुजा सोऱ्या दाबत होती आणि धोतरावर एकेक कुरडी गोल फिरून बसत होती. हेमसिंग बकऱ्या अडवायला आला होता आणि संघदीप सर अंड्यांचा फोटो काढायला. मी काही करू नये, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि ते मी मन लावून करत होतो.

धोतर भरत आलं, तोच टिटवीचा आवाज आला. पण वरून नाही, खालून! बाई अंगणाच्या कडेला, वांग्याच्या वाफ्यात उभी राहून वर बघत बोंबलत होती. आम्ही वर पाहिलं. बिनकठड्याच्या गच्चीच्या अगदी काठावर कापसाची बोंडं उभी होती. बोंडांना काड्यांसारखे पाय होते. पिलं निघाली होती, आणि आई त्यांना खाली बोलावत होती!

"आवं, हे पडते ना!" हेमसिंग ओरडला.

"उडता येते काय त्याईले?" तनुजा.

"नाही ना!" सर म्हणाले. "चालता येते, उडता येत नाही. अन् माय बोलावते म्हंजे उडी मारतीलच!"

खाली फरशीचा ओटा. मी दोन्ही हात पसरून धावलो. टिटवीला वाटलं मी पिलं खायला आलोय. तिनं माझ्या टकलावर झडप घातली. मी ओरडत शिडीकडं वळलो, तर शिडीवर हेमसिंग आधीच चढत होता. त्यालाही झडप! तो माझ्या खांद्यावर उतरला. पातेलं गडगडत ओट्याखाली गेलं. वर एक बोंड पुढं सरकलं, खाली वाकून पाहिलं...

"धोतर धरा!" रुपाबाईंनी फर्मान सोडलं.

सगळे थबकले. धोतरावर कुरड्या होत्या. रुखवत होतं. शेवटचा डबा होता. कोणाची हिंमत होणार? आम्ही सगळ्यांनी पंचफुलाकडं पाहिलं.

तिनं वर पाहिलं. काठावरच्या पिलाकडं, मग वाफ्यात गळा फोडणाऱ्या त्या आईकडं. मग तनुजाकडं. काय आलं तिच्या मनात, तिचं तिलाच माहीत. पण तिनं धोतराची दोन टोकं धरली आणि एका झटक्यात सगळ्या कुरड्या धुळीत उडवून दिल्या!

"पाहता काय? धरा ना दुसरे टोकं!"

आम्ही धरलं. एका बाजूला पंचफुला आणि तनुजा, दुसऱ्या बाजूला मी आणि सर. मधे रुपाबाई, "डावीकडं! डावीकडं रे, दौलत, तुही डावी कोनती?" वरून टिटवीचे फेरे. पहिलं पिलू आलं, धोतरावर टप्पा घेतला आणि चिकात चिकटून बसलं. मग दुसरं. तिसऱ्यानं आम्हाला चांगलंच पळवलं. चौथं येईना! त्याला खालून सगळ्या गल्लीनं इतकं आर्जवानं बोलावलं, की एवढं कोणी नवरदेवाला उखाण्यासाठी बोलावत नाही. शेवटी तेही आलं.

पंचफुलानं पदर ओला करून एकेकाच्या पायाचा चीक पुसला आणि वाफ्याच्या तोंडाशी सोडलं. पिलं टुणटुणत गेली आणि वांग्याच्या पानांखाली दिसेनाशी झाली. टिटवीनं जाताना मला आणखी एकदा टोचलं. आभार म्हणून असावं.

मग आम्ही मागं वळलो. हेमसिंगच्या बकऱ्या कुरड्या खात होत्या. कोणीच त्यांना हाकललं नाही.

मी काही बोलणार, तोच पंचफुला चुलीजवळ गेली आणि झाकण काढून पाहिलं. अर्धं भगुणं चीक उरला होता.

"गच्ची मोकयी झाली ना आता?" ती म्हणाली. "मंग चला वर."

आणि काय सांगू तुम्हाला, त्यानंतरची ती सकाळ! सगळे वर. गिट्टी झाडली, धोतर धुऊन अंथरलं. सोऱ्या मी हातात घेतला आणि कोणी नाही म्हटलं नाही. माझ्या कुरड्या गोल सोडून बाकी सगळ्या आकाराच्या झाल्या. तनुजा हसून हसून खाली बसली. शेवटी भगुण्याच्या बुडाशी उरलेला गरम चीक रुपाबाईंनी वाट्यांत घातला, वर दूध, वर साखर. तोच चीक, तीच चव, धाब्यावरची! मी डोळे मिटून खाल्ला. शेजारी तनुजा खात होती, चाटून पुसून, लहानपणी खायची तशीच. पुढच्या उन्हाळ्यात ती इथं नसणार, हे मला त्या वाटीतच आठवलं आणि मी माझी उरलेली वाटी तिच्यापुढं सरकवली.

असं मन भरून आलं की मी हमखास काहीतरी बोलून बसतो.

हेमसिंगनं मोबाइल काढला. "दौलतभाऊ, तीस टक्के दाखवून राह्यला."

मी गच्चीच्या मधोमध उभा राहिलो. वर निळंभोर आभाळ, चिमूटभर ढग नाही. "टिटवी सांगून गेली, चार महिने पाऊस. मिरगापासून चार! त्याच्या आधी आज या गच्चीवर एक थेंब जरी पडला ना, तं मी मिशी उतरवतो!"

माझी मिशी म्हणजे आबांची मिशी. तशीच झुबकेदार, तशीच टोकदार. बाजारात मला लोक वांग्यांवरून नाही, मिशीवरून ओळखतात. पंचफुला तेवढी म्हणाली, "अवो, तोंड सांभाळा."

दुपारी जेवून मी पडलो होतो. पत्र्याचा आवाज झाला. मला वाटलं, हेमसिंगच्या घरावर माकडं. मग दार आपटलं, वाऱ्यानं अंगणातली बाज उलटी केली, आणि तनुजा ओरडली, "माय! कुरड्या!"

थेंब कसले? सुपानं ओतल्यासारखा! मी शिडीवर, मागं पंचफुला, मागं हेमसिंग. वर जाऊन पाहतो, तर पाण्यानं धोतरासकट सगळं काठाकडं ढकललेलं! कठडा असता तर अडलं असतं. कठडा पुढच्या वर्षी! आमच्या डोळ्यांदेखत कुरड्या एकेक करून काठावर आल्या, आणि जिथून सकाळी पिलांनी उडी मारली, अगदी तिथूनच खाली उड्या मारू लागल्या!

"चादर धरा!" खालून रुपाबाईंचा आवाज.

तनुजा, संघदीप सर आणि दोन शेजारणी भर पावसात चादर धरून डावीकडं-उजवीकडं पळत होत्या आणि कुरड्या झेलत होत्या. मी वर, चिंब भिजून, आभाळाकडं बघत उभा.

"चार महिने म्हने," मी पुटपुटलो. "अंडे तं चारच होते ना?"

पंचफुला पदर पिळत होती. ती रडेल असं मला वाटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, कपाळावरचं पाणी निपटलं आणि म्हणाली, "तिनं चार सांगतले. कोनते चार, हे इचारलं होतं काय तिले?"

आणि ती हसली. गच्चीवर मटकन बसली आणि पोट धरून हसली! मीही बसलो. काय करता?

झेललेल्या कुरड्या आम्ही घरात पंख्याखाली वाळवल्या. कोणी अर्धी, कोणी लांबट, कोणाला चादरीचं फूल उमटलेलं. लग्नात रुखवताच्या मधोमध पंचफुलानं त्याच मांडल्या. विकतचं पाकीट तिनं आणू दिलं नाही. उतरंड कसली, मूठभर ढीग होता. विहीणबाई जवळ आल्या तेव्हा तिचा हात पदराशी चाळवत होता, ते मी पाहिलं.

विहीणबाईंनी एक कुरडी उचलली, उलटी केली, आणि आवाज खाली आणला. "तुमच्या निदान इतक्या तरी झाल्या वो, बाई. आमच्या मेडशीत यंदा कोनाचीच एक कुरडी धड वाळली नाही. दोनदा केल्या, दोनदा भिजल्या. मीच भिऊन राह्यली होती का तुमी आमचा डबा पाह्यसान तं काय म्हनसान!"

मग दोघी तिथंच रुखवताशेजारी बसल्या. तुमच्याकडं गारा कधी पडल्या, आमच्याकडं वारा कसा आला, आईच्या वेळी कसं कडक ऊन पडायचं. मांडवात वाजंत्री वाजत होती आणि या दोघी शाळेतल्या मैत्रिणींसारख्या हसत होत्या. पंचफुलानं तळलेली एक कुरडी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. अर्धवट आकाराची होती, पण फुलली होती. शेवंतीसारखी! मला इतकं बरं वाटलं, की सरबताचं ताट घेऊन मी स्वतः पुढं झालो.

विहीणबाईंनी पेला उचलला, माझ्याकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि पंचफुलाला विचारलं, "अन् नवरीचे वडील कुठी हायेत वो? ते मिशीवाले? सकाळपासून दिसूनच नाही राह्यले!"

मी ताट खाली ठेवलं आणि सवयीनं ओठावर हात नेला. तिथं नुसता घाम होता.